कंपन्यांचा पैसा, मुलांची जाहिरात

धूम्रपानाच्या आजारांवर गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून जो खर्च झाला, तो अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने थेट सिगारेट कंपन्यांकडे मागितला. ऑगस्ट 1997 मध्ये तडजोड झाली: 1,130 कोटी डॉलर. त्यातले 20 कोटी एकाच कामासाठी राखले, मुलांना सिगारेटपासून लांब ठेवायला. चटक लावणाऱ्यांच्याच खिशातून ती सोडवायचा खर्च!

एवढा पैसा हाती आला की सरकारी खातं सहसा काळ्या फुफ्फुसांची चित्रं छापून मोकळं होतं. इथे मार्च 1998 मध्ये शेकडो शाळकरी मुलांना बोलावून त्यांनाच विचारलं. सिगारेट वाईट, हे मुलांना पाठच होतं. कंपन्या आपल्याला गिऱ्हाईक कसं बनवतात, यावर ती चिडली. त्यातून ‘ट्रुथ’ ही मोहीम उभी राहिली. उपदेश जवळपास नाहीच, सगळा रोख कंपन्यांवर. दोन वर्षांत सहावी ते आठवीत सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण 18.5 टक्क्यांवरून 11.1 टक्क्यांवर आलं, नववी ते बारावीत 27.4 वरून 22.6 वर.

2000 पासून ‘ट्रुथ’ देशभर गेली. तिथला पैसा 46 राज्यांनी 1998 मध्ये कंपन्यांशी केलेल्या वेगळ्या कराराचा, आणि त्यात कंपन्यांनी एक अट घालून घेतली होती: आमची बदनामी करायची नाही. मग 2001 मध्ये रेडिओवर एक जाहिरात आली. कुत्री फिरवायला नेणारा एक जण लॉरिलार्ड कंपनीत फोन लावतो. सिगारेटमध्ये युरिया घालता ना? कुत्र्यांच्या मुतातही तो असतो, आणि माझ्याकडे उत्तम माल आहे, घेणार का? कंपनीने ही चेष्टा कोर्टात नेली. 2006 मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही बदनामी नव्हे.

तिकडे फ्लोरिडात घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. तडजोडीचे हप्ते येतच होते, पण आमदारांना ते इतर खर्चांना हवे होते. पहिल्या वर्षी सुमारे 7 कोटी डॉलर मिळालेल्या या कार्यक्रमाच्या वाट्याला 2003 मध्ये जेमतेम 10 लाख ठेवले. आकडे इतके बोलके असताना! शेवटी नोव्हेंबर 2006 मध्ये मतदारांनी राज्यघटनाच दुरुस्त केली. तडजोडीपोटी 2005 साली आलेल्या रकमेच्या 15 टक्के इतका निधी दरवर्षी तंबाखूविरोधी कामाला द्यायचा, आणि महागाईप्रमाणे तो वाढवतही न्यायचा.