नव्या बदली कामगाराचे स्थायी आदेश



विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संगणकावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असेही कोणी मनात म्हटले असेल. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि रात्री उशिरा उघडलेल्या पुस्तकांत. तरीही हा विषय मी मागून घेतला, आणि त्याचे कारण आपल्या वाकडच्या चौकातच आहे.

चौकात डिलिव्हरीची पोरे गाड्या लावून उभी असतात. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एकाने मला आपला मोबाइल दाखविला. ऑर्डर आल्याची घंटा वाजली. ती पत्करायला मोजके सेकंद होते. पोराने बोट लावले, पण पडदा गोठलेला. तो हलला तेव्हा ऑर्डर दुसऱ्याकडे गेली होती. "काका, माझं बोट वेळेवर होतं," तो म्हणाला. खरेच होते ते. उशीर यंत्राचा, नुकसान मात्र पोराचे!

आमच्या इमारतीत हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण राहतो. मोबाइलची ॲपे लिहिणे हा त्याचा धंदा. ही हकीकत मी त्याला सांगितली, तेव्हा त्याने एक लांबलचक कागद माझ्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "आता प्रोग्रामचा पुष्कळ भाग कृत्रिम बुद्धीचा सहायक लिहितो. ॲप वेगवान व्हावे म्हणून त्याला आम्ही ह्या सूचना देतो. त्या चांगल्या की वाईट, हे कसे ओळखावे?" आजचे व्याख्यान म्हणजे त्याला दिलेले उत्तर आहे.

प्रथम हा सहायक समजून घेऊ. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर आणि अगणित प्रोग्राम ह्यांवर शिकवून तयार केलेले हे यंत्र. साध्या भाषेत काम सांगितले की ते प्रोग्राम लिहून देते. परंतु नवे काम सुरू करताना कालचे काम त्याला आपोआप आठवतेच असे नाही. गिरणीतला बदली कामगार आठवा. हात तरबेज, पण आज ज्या खात्यात पाठविले तिथली रीत ठाऊक नाही. म्हणून कामाच्या आरंभीच त्याच्यापुढे सूचनांची एक फाइल ठेवतात. 'एजंट्स डॉट एमडी' असे नाव तिला देण्याची रीत पडली आहे.

तो कागद वाचताना मला स्थायी आदेश आठवले. १९४६ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना नोकरीच्या अटी लेखी मांडून प्रमाणित करून घेणे आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावणे भाग पडले. १९५६ च्या दुरुस्तीने त्या अटी न्याय्य व वाजवी आहेत की नाहीत, हे पाहण्याचे कामही प्रमाणन अधिकाऱ्याकडे आले. तो कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कायदा बदलला, पण त्यातला धडा जुना झाला नाही. आदेश लेखी आहे एवढ्याने तो योग्य ठरत नाही. कोणीतरी तो पारखावा लागतो.

आता वेग म्हणजे काय ते पाहू. मोबाइलचा पडदा साधारणपणे सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगविला जातो. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. १२० वेळा रंगणाऱ्या पडद्यावर तर ८.३ च. तेवढ्यात काम झाले नाही की चित्र चुकते आणि डोळ्याला हिसका जाणवतो. बंद असलेले ॲप उघडायला ५ सेकंद वा अधिक लागले, तर गूगलच्या अँड्रॉइडच्या मापाने ती फाजील संथ सुरुवात ठरते. वेगाला असे माप असते, हे ध्यानात ठेवा.

त्या कागदाला मी चार प्रश्न विचारले.

पहिला: ही सूचना तपासता येते का? "ॲप वेगवान ठेव" ही घोषणा झाली. "यादी हजार ओळींची असली तरी पडद्यावरच्या आणि लगतच्याच ओळी तयार कर" ही सूचना झाली. ती पाळली की नाही, हे दुसरा माणूस पाहून सांगू शकतो.

दुसरा: कारण आणि मर्यादा दिली आहे का? नियमानुसार काम हे आमचे जुने हत्यार आहे. पुस्तकातला प्रत्येक नियम अक्षरशः पाळला की कारखाना मंदावतो! यंत्र तर बिनतक्रार अक्षरशः पाळते. "एकदा केलेले प्रत्येक गणित जपून ठेव" असे सांगितले, तर ते क्षुल्लक गोष्टीही जपत बसेल आणि स्वस्त फोनची स्मृती भरून टाकील. "मोजून महाग ठरलेलेच गणित जपून ठेव" म्हटले की अर्थ नेमका होतो.

तिसरा: सूचना कोणत्या काळातली? 'रिॲक्ट' ह्या साधनात असे जपून ठेवण्याचे पुष्कळसे काम प्रोग्रामर हाताने करीत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या 'कंपायलर'ची पहिली पक्की आवृत्ती आली. ती वापरली तर त्यातले बरेचसे काम आपोआप होते. जुना कागद मात्र जुनाच हुकूम देत राहतो.

चौथा: कोणत्या फोनवर मोजले? लिहिताना चालवितात ती चाचणीची आवृत्ती आणि लोकांच्या हाती जाते ती आवृत्ती ह्यांच्या वेगात मोठे अंतर असते. मोजायची ती दुसरी, आणि तीही चौकातल्या पोराकडे असतो तशा फोनवर.

ह्यानंतर खरी परीक्षा. तेच काम सहायकाला एकदा कागद देऊन आणि एकदा न देता सांगावे. यंत्राचे उत्तर दर वेळी सारखे येत नाही, म्हणून ते अनेकदा करावे. कोणते काम कागदाचे, हे पारखणाऱ्याला सांगू नये. एकेक ओळ काढून पाहावी. जिच्यावाचून काही बिघडत नाही ती खोडावी, कारण कागद जितका लांब तितके त्यातले महत्त्वाचे झाकले जाते. आणि वेगासाठी काय गमावले तेही पाहावे. एकच बिल दोनदा वसूल होऊ नये म्हणून घातलेली तपासणी काढून टाकली, तर ॲप खचितच थोडे लवकर चालेल!

मोजण्याचा एवढा आग्रह का? कारण माणसाचा अंदाज फसतो. अमेरिकेतील 'मीटर' ह्या संशोधनसंस्थेने जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी प्रोग्रामरांनी २४६ कामे केली. २०२५ च्या आरंभीची ही साधने वापरण्याची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के वेळ अधिक लागला. गंमत अशी की, आपला वेळ २० टक्क्यांनी वाचला असेच त्यांना काम झाल्यावरही वाटत होते. साधने पुढे सुधारत जातात. परंतु वाटणे आणि असणे ह्यांतले अंतर घड्याळच दाखविते.

हे बोलताना मला माझेच हसू येते. टेलरच्या १९११ च्या पुस्तकापासून ठिकठिकाणचा कामगार घड्याळवाल्याशी भांडत आला, आणि मीही भांडलो. कामगाराच्या हातावर धरलेले ते घड्याळ यंत्रावर धरा, असे मी आज सांगत आहे. तो मिलिसेकंद कोणाच्या घरचा, हे ठाऊक असले की ह्यात विसंगती उरत नाही.

त्या तरुणाने निम्म्याहून अधिक ओळी खोडल्या. उरलेल्यांपुढे कारण लिहिले. मग एके दिवशी तो चौकात आला आणि पोरांना म्हणाला, "तुमच्यात सगळ्यात जुना फोन कोणाचा? जरा मोजायला देता का?" तो त्या पोरांच्या कंपनीत नाही, म्हणून त्यांची गेलेली ऑर्डर काही परत येणार नाही. परंतु आदेश प्रमाणित करताना ज्याला तो भोवतो त्याला विचारावे, हे आमचे जुने म्हणणे. ते ह्या नव्या धंद्यातल्या एकाने तरी मानले, म्हणून आपल्याला सांगितले.