परदेशातले जुने भिंग

उज्जयिनीच्या वेधशाळेत उभे राहिले म्हणजे एक प्रश्न सहज मनात येतो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ही यंत्रे चुन्यादगडांत का बांधविली? हाताळावयास सोपी अशी पितळी यंत्रे तर त्यालाही ठाऊक होती. उत्तर त्यानेच आपल्या ज्योतिषग्रंथाच्या प्रस्तावनेत देऊन ठेविले आहे. पितळी यंत्रे आकाराने लहान. त्यांचे आस झिजतात, मध्य ढळतो, आणि मग वेध चुकतात. उपकरण जुने झाले की त्यात नेमके काय बिघडते, हे पाहण्याची ही दृष्टी आज अगदी निराळ्या व्यवहारात आपल्या उपयोगी पडणार आहे.

२०२८ साली उज्जयिनीस सिंहस्थ भरेल. त्या मेळ्याची छायाचित्रे घेण्याची उमेद बाळगणारे कितीतरी तरुण आज गावात आहेत. नव्या भिंगाची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची असते. मग जपानमधील किंवा युरोपातील एखाद्या विक्रेत्याच्या यादीत त्यांना जुने भिंग दिसते. किंमत थोडी, घडण धातूची, आणि चित्रेही मोहक. सोव्हिएत रशियात बनलेले ‘हेलिओस ४४’ हे ५८ मिलिमीटरचे भिंग असेच लोकप्रिय आहे. जर्मनीतील झाइस कारखान्याच्या ‘बायोटार’वरून ते घडविले गेले. परंतु पैसे पाठविण्यापूर्वी काही गोष्टी नीट तपासल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, भिंग आपल्या कॅमेऱ्यास बसेल काय? नुसता आटा जुळून भागत नाही. भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असते. हेलिओसच्या ४२ मिलिमीटर आट्यासाठी ते ४५.४६ मिलिमीटर आहे. सोनीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर १८ मिलिमीटर असते. म्हणून मध्ये २७.४६ मिलिमीटर जाडीचे जोडकडे घातले की काम होते. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात मात्र ते ४६.५ मिलिमीटर, म्हणजे भिंगाला हवे त्याहून जास्तच आहे. तेथे नुसते कडे बसविल्यास जवळचा चेहरा स्पष्ट येईल, पण रामघाटावरून दूरचे शिखर टिपू गेल्यास ते धूसरच राहील.

दुसरी गोष्ट काचेची. वरवरचा बारीक ओरखडा चित्र फारसा बिघडवीत नाही. बुरशीचे तसे नाही. ती काचेवरील लेपावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि फार काळ राहिली तर काचच कोरून टाकते. मग पुसूनही डाग जात नाही. भिंगातून विजेरीचा प्रकाश आरपार सोडून काढलेले छायाचित्र विक्रेत्याकडून अवश्य मागवावे. बुरशी, आतील धुरकटपणा, चिकटविलेल्या काचा सुटू लागल्याची खूण, हे सारे त्यात दिसते. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे काय, आणि फिरते कडे सैल किंवा जड झाले आहे काय, हेही विचारावे. प्रत्येक दोष मात्र घातक नसतो. काही जुन्या ‘टाकुमार’ भिंगांत थोरियम मिसळलेली काच आहे. ती काळाने पिवळी पडते, आणि काही दिवस उन्हात ठेविली की बरीचशी निवळते.

तिसरी गोष्ट शब्दांची. ‘उत्तम’, ‘जवळजवळ नवे’ या विशेषणांना सर्वमान्य माप नाही. प्रस्तुत लेखकाने एकदा अशाच एका विशेषणावर विसंबून भिंग मागविले. ते आले ते आतून धुरकटलेले. वर्णनाच्या अखेरीस बारीक अक्षरांत ‘किंचित धुरकट’ असे लिहिलेलेही होते! परत पाठवावे तर टपालखर्च मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक. तेव्हा वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, आणि परतीचा खर्च कोणी सोसावयाचा हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. ‘तपासलेले नाही’ असे जेथे लिहिले असेल, तेथे भिंग बिघडलेलेच आहे असे धरून चालावे.

चौथी गोष्ट जकातीची. ती केवळ भिंगाच्या किमतीवर बसत नाही. दहा हजारांचे भिंग आणि दोन हजारांचे टपाल व विमा असेल, तर आकारणी बारा हजारांवर होते. त्यावर सीमाशुल्क, आणि या दोहोंच्या बेरजेवर पुन्हा वस्तू व सेवा कर. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून चालू दर पाहूनच हिशेब करावा. परकीय व्यापार धोरणात वापरलेल्या मालासाठी निराळे कलम आहे, तेही आधी वाचावे.

येथेच एक मोह उभा राहतो. काही विक्रेते आपण होऊन सुचवितात, “पुडक्यावर ‘भेट’ लिहू काय? किंमत कमी दाखवू काय?” टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ पासून बंद झाली, राखी आणि प्राणरक्षक औषधे एवढाच अपवाद उरला. किंमत खोटी लिहिणे हा तर उघड गुन्हाच. त्यात व्यवहाराचेही नुकसान आहे. पुडके वाटेत हरवले किंवा फुटले, तर भरपाई लिहिलेल्या किमतीपुरतीच मिळते. दहा हजारांच्या भिंगावर एक हजार लिहविणारा उरलेले नऊ हजार आपल्याच हाताने सोडून देतो.

भिंग सुखरूप घरी आले म्हणजेही काम संपत नाही. माळव्याच्या पावसाळ्यात कातडी पिशवीत बंद ठेवलेले भिंग बुरशीला आमंत्रणच देते. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा त्याला पुरेसा आहे. आणि भिंग वरचेवर वापरात ठेवणे, हा त्याहूनही चांगला उपाय. जयसिंहाने झिजणारे उपकरण टाकून दिले. आपल्याला ते टाकणे परवडत नाही. पण झीज कोठे झाली आहे हे पाहिल्यावाचून पैसे न पाठविणे एवढे तरी आपल्या हाती खचित आहे.