घर नवे बांधा, पण ढाळज सोडू नका

यंदा सुगी आटोपली की तुमच्यापैकी कितीतरी जण घराला हात घालतील. गवंडी आला की पहिला प्रश्न विचारतो, खोल्या किती काढायच्या? दार कुठे घ्यायचे, ते मग उरलेल्या जागेवर ठरते. आमचे म्हणणे असे, की आधी दाराचे बोला.

बीड जिल्ह्यातल्या जुन्या गावठाणात एखादा माळवदाचा वाडा अजून उभा असतो. एकदा मुद्दाम, सावकाश आत जाऊन पाहा. रस्त्याच्या कडेला दगडी ओटा. मग सागवानी चौकट, आणि मोठ्या दाराच्या पोटात लहानशी दिंडी. दिंडीतून जाताना मान लववावी लागते, उंच उंबऱ्यावरून पाय उचलून टाकावा लागतो. घाईने कोणाला आत शिरताच येत नाही. पुढे ढाळज. दोन्ही अंगांना ओटे, डोक्यावर माळवदाची जाड लाकडे आणि थंडगार सावली. बाहेरच्या उन्हातून आल्यावर घटकाभर काही दिसत नाही. आपले डोळे निवेपर्यंत कोण आले हे आतल्यांना समजलेले असते! पुष्कळ वाड्यांत ढाळजेतून आत जाण्याची वाट मोठ्या दाराच्या सरळ रेषेत ठेवलेली नसते, म्हणून दार सताड उघडे असले तरी रस्त्यावरून चौक दिसत नाही. वळण घेतले की एकदम उजेड, चौक, तुळस. मग ओसरी, त्यामागे माजघर, आणि देवघर सर्वांत आत, समईच्या प्रकाशात.

कोणी कुठवर यायचे, ते या पायऱ्याच ठरवीत. वाटसरूला बाहेरचा ओटा, व्यापारी, तलाठी, सोयरीक घेऊन आलेला पाहुणा यांना ढाळज, भावकीला ओसरी. 'इथेच थांबा' असे तोंडाने कोणाला सांगावे लागत नसे. पाण्याचा तांब्या जिथे येई, तिथे माणूस बसे.

या रचनेत सारेच चांगले होते असे नाही. ढाळज पुरुषांची होती. सुनेने तिथे बसायचे नाही, परके माणूस असले तर तिने तिथून जायचेही नाही, ही रीत त्याच भिंतींनी जपली. ती रीत मोडली तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

मग ढाळज गेली कशी? एक तर वाटण्या झाल्या, एका वाड्याचे चार उंबरे झाले. दुसरे म्हणजे भीती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाच्या मातीचा बोजा, या दोहोंखाली माणसे गाडली गेली. तेव्हापासून मराठवाड्यात दगडमातीचे घर म्हटले की पोटात गोळा येतो, आणि तो खोटा नाही. पण जीव घेतला तो वजनाने आणि कच्च्या बांधणीने. ढाळजेचा त्यात काय दोष? सिमेंटच्या, पट्टे घातलेल्या भिंतींतही ती ठेवता येते.

तिसरे कारण जागेचे. घरकुलाला किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्यात स्वयंपाकघरही आले. एवढ्यात ढाळज कुठली, असे तुम्ही म्हणाल. पण हे घर कोणाचे आहे ते पाहा. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीला उसाच्या तोडीला जोडपी निघतात. मुकादमाची उचल घेतात आणि पुढचे काही महिने कारखान्याच्या तळावर कोपीत काढतात. कोपीला ना उंबरा, ना कडी. येणाऱ्याजाणाऱ्याला चूल दिसते. बाईमाणसाने आंघोळ करायची ती लुगड्याच्या आडोशाला. अशा किती हंगामांच्या घामातून गावी चार भिंती उभ्या राहतात, आणि त्यांचे दार पुन्हा थेट रस्त्यावर उघडते, समोर पुन्हा चूलच! शिवाय जोडपे तोडीला गेले की मागे म्हातारीकोतारी आणि शाळेची पोरे राहतात. म्हातारीने दिवसभर बसायचे कुठे? आत कोंदट, बाहेर ऊन. दार लावून बसली तर ती दिवसभर कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

म्हणून लहान घरातही एवढे कराच. दारापुढे आपल्याच हद्दीत ओटा घ्या. रस्त्यावर काढलात तर भांडण ठरलेले. उंची दीड फूट, म्हणजे गुडघे दुखणाऱ्याला बसता-उठता येते. रुंदी अडीच फुटांहून कमी नको, दुपारी आडवे होता आले पाहिजे. त्यावर छज्जा किंवा निदान पत्रा पुढे काढा. पायऱ्या सहा इंचांहून उंच नकोत. पुढचे दार आणि मागचे दार समोरासमोर घेऊ नका. वाऱ्यासाठी सरळ रेषा हवीच असेल तर ती खिडक्यांना द्या. आणि चूल, गॅस, मोरी यांपैकी काहीही दारातून दिसणार नाही, हे पाया आखतानाच दोरी धरून पाहा. दारामागे चार फुटांची आडभिंत घातली तरी निम्मे काम होते. हिला पैसा थोडा लागतो, पण गवंडी आपण होऊन सुचवीत नाहीत.

देवळांतही हा विचार दिसतो. बीडच्या कंकालेश्वराला जायचे तर सभोवती पाणी, ते ओलांडताना गाव मागे राहते. परळीला भरपूर पायऱ्या चढाव्या लागतात. पण वर गेल्यावर गाभारा आणि सभामंडप एकाच पातळीवर, त्यामुळे मंडपातूनच वैजनाथाचे दर्शन होते. इतरत्र महादेवाला बहुधा खाली उतरावे लागते. तेव्हा वाट किती लांबवायची आणि कुठे मोकळी सोडायची, हे ज्याचे त्याने आपल्या घरापुरते ठरवावे.

ते ठरवताना मात्र घरातल्या बायकांना विचारा. ओटा कोणत्या अंगाला घेतला तर दुपारी सावली राहील, आणि तिथे बसून निवडणटिपण करताना रस्ता दिसावा की दिसू नये, हे त्यांच्याइतके गवंड्यालाही कळणार नाही.