फाळका मोकळा, स्टेपनी भक्कम
जीपच्या मागील बंपरवर फिरती चौकट कशी बसवावी

शेतमाल बाजारात नेण्यासाठी आणि बी-खते शेतावर आणण्यासाठी महाराष्ट्रातील अनेक गावांत जुन्या जीपगाड्या आजही कामावर आहेत. अशा काही गाड्यांची स्टेपनी मागील बाजूस, फाळक्यासमोरच टांगलेली असते. त्यामुळे फाळका पुरता उघडत नाही. टोमॅटोचे कॅरेट किंवा दुधाच्या कॅन बाजूने उचलून चढवाव्या लागतात, नाहीतर स्टेपनी सोडवून ती मालावरच टाकावी लागते. पहाटे बाजाराची वेळ गाठावयाची असताना ही उठाठेव नकोशी होते.

यावर उपाय म्हणून काही जण मागील बंपर नव्याने करवून घेतात आणि त्यावर दाराप्रमाणे बाजूस फिरणारी चौकट बसवून तिच्यावर स्टेपनी अडकवितात. कडी सोडून चौकट बाजूस सारली की फाळका मोकळा होतो. कल्पना चांगली आहे. मात्र हे काम अंदाजाने केल्यास सुमारे २५ किलो वजनाचे चाक भर रस्त्यात निखळण्याचा धोका असतो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ते चुकविण्यास वेळ मिळत नाही. म्हणून गावातील कारागिराकडे जाण्यापूर्वी या चौकटीमागील तत्त्व नीट समजून घेणे अवश्य आहे.

जुनी अडचण, जुना तोडगा

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी विलिज जीपच्या मागे फाळका नव्हता. मागची पत्र्याची भिंत बंद असे आणि तिच्यावरच स्टेपनी व इंधनाचा डबा टांगलेला असे. १९४५ मध्ये हीच गाडी शेतकऱ्यांसाठी ‘सी.जे. २ ए’ या नावाने विक्रीस आली, तेव्हा तिला मागे उघडणारा फाळका देण्यात आला आणि स्टेपनी बाजूच्या पत्र्यावर हलविण्यात आली. मागची बाजू माल चढविण्यास व अवजारे जोडण्यास मोकळी हवी, ही शेतीची गरज त्या वेळीच ओळखली गेली होती. आपल्या देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि विकास गटाची जीप खेड्यापाड्यांत परिचयाची झाली.

बाजूस लावलेल्या स्टेपनीमुळे गाडीची रुंदी वाढते. अरुंद पाणंदीतून जाताना ती कुंपणाला घासते. तशी अडचण नसेल, तर बाजूचीच जागा सर्वांत सोपी व कमी खर्चाची आहे. अडचण असेल तेव्हाच फिरत्या चौकटीचा विचार करावा.

भार खुंट्यावर नको, टेकूवर हवा

शेताचे लाकडी फाटक शेतकऱ्यांच्या नित्य पाहण्यातले आहे. नवे असताना ते सहज फिरते. वर्ष-दोन वर्षांत त्याचे मोकळे टोक खाली बसते व जमिनीला घासू लागते. फाटक मोडलेले नसते, बिजागरीचा खांब मात्र ओढला गेलेला असतो. जाणता शेतकरी फाटकाच्या मोकळ्या टोकाखाली एक दगड ठेवतो. फाटक बंद झाले की टोक दगडावर टेकते आणि बिजागरीला विसावा मिळतो. स्टेपनीच्या चौकटीचे तत्त्वही हेच आहे.

थोडा हिशेब करून पाहू. ६.००–१६ मापाच्या टायरचे चाक सुमारे २५ किलो भरते. ते खुंट्यापासून ७५ सें.मी. अंतरावर आहे असे धरू. चौकटीच्या भुजेचे व पट्टीचे वजन १२ किलो असून त्याचा मध्य ५० सें.मी. अंतरावर आहे. २५ गुणिले ७५ म्हणजे १८७५, आणि १२ गुणिले ५० म्हणजे ६००. एकूण २४७५. भुजा ज्या नळीवर फिरते तिच्या वरच्या व खालच्या बुशांमध्ये १५ सें.मी. अंतर असेल, तर २४७५ भागिले १५, म्हणजे प्रत्येक बुशावर १६५ किलोचा आडवा ओढा येतो. हे अंतर निम्मे केले तर ओढा दुप्पट, म्हणजे ३३० किलो होतो. हा हिशेब उभ्या गाडीचा आहे. खड्ड्यात चाक आदळले की हाच ओढा क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

आता मोकळ्या टोकाखाली, खुंट्यापासून ९५ सें.मी. अंतरावर टेकू द्यावा. २४७५ भागिले ९५ म्हणजे सुमारे २६ किलो भार टेकूवर जातो, आणि खुंट्यावर केवळ ११ किलो उरतो. आडवा ओढा जवळजवळ नाहीसा होतो. एका टेकूने एवढा फरक पडतो. टेकू नसलेली चौकट कितीही जाड लोखंडाची असली तरी ती करू नये.

मापे व साहित्य

प्रथम चाक वजनकाट्यावर तोलावे. टायरचे माप बदलले की वजन बदलते आणि वरचा हिशेबही बदलतो. त्यानंतर फाळक्याची रुंदी, चासीच्या दोन्ही पट्ट्यांमधील अंतर व मागील दिव्यांच्या जागा मोजून कागदावर आकृती काढावी.

जीपसारख्या लहान गाडीसाठी पुढील साहित्य पुरेसे होते :

१. बंपरसाठी १०० × ५० मि.मी. मापाचा, ४ मि.मी. जाडीचा चौकोनी पाइप, सुमारे १४० सें.मी. लांब.
२. भुजेसाठी ५० × ५० मि.मी. मापाचा, ४ मि.मी. जाडीचा चौकोनी पाइप.
३. खुंट्यासाठी लेथवर तासलेली ३८ मि.मी. व्यासाची पोलादी सळई.
४. खुंट्यावर फिरणारी जाड नळी, तिच्या दोन्ही टोकांस गनमेटलचे बुश व मध्ये ग्रीस निपल.
५. चासीला जोडण्यासाठी ८ मि.मी. जाडीच्या पट्ट्या, तसेच १२ मि.मी. व्यासाचे ८.८ प्रतीचे बोल्ट व न सुटणारे नट.

जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरू नये. वेल्डिंग करताना त्यातून निघणारा धूर आरोग्यास अपायकारक असतो.

बांधणीचा क्रम

खुंटा बंपरच्या वरच्या पत्र्यावर नुसता उभा करून जोडण्याची चूक वारंवार होते. तसा खुंटा पत्र्यासह उपटून येतो. पाइपच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही भिंतींना आरपार भोक पाडावे, खुंटा त्यातून घालावा आणि दोन्ही ठिकाणी भोवताली वेल्डिंग करावे. खुंटा बंपरच्या वर निदान १५ सें.मी. राहावा. त्याच्या माथ्यावर आटे पाडून नट व आडवी पिन लावावी, म्हणजे नळी वर सरकून निघणार नाही.

वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने खुंटा बंपरच्या डाव्या टोकास ठेवणे योग्य. त्यामुळे उघडलेले चाक रहदारीच्या बाजूस येत नाही.

वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते व नळी वाकडी बसते. म्हणून सर्व भाग प्रथम ठिपक्याठिपक्यांनी जोडावेत, भुजा फिरवून पाहावी, आणि मगच पक्के सांधे आलटून पालटून भरावेत. नळी भुजेस जोडताना बुश बाहेर काढून ठेवावेत.

चाकाच्या पट्टीवरील भोके चाकावरूनच आखून घ्यावीत. विलिज बनावटीच्या जीपमध्ये पाच भोके १३९.७ मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात, परंतु इतर गाड्यांत ही मापे निराळी असतात. स्टेपनी निदान तीन नटांनी आवळावी. हवेची नळी बाहेरच्या बाजूस राहील असे पाहावे. पाहण्यास अवघड असलेल्या स्टेपनीची हवा कोणी पाहत नाही, आणि ऐन वेळी तीच बसलेली आढळते.

टेकू व दोन कड्या

बंपरच्या उजव्या टोकास उताराची लोखंडी पाचर जोडून तिच्यावर जुन्या टायरचा तुकडा बोल्टने बसवावा. उघडलेल्या भुजेचे टोक चाकाच्या वजनाने काही मि.मी. खाली झुकते. बंद होताना ते उतारावरून वर चढून टेकूवर घट्ट बसले पाहिजे. भुजा टेकूवर नुसती तरंगत असेल, तर टेकू असून नसल्यासारखाच.

कडी एकच ठेवू नये. पहिली कडी आवळून धरणारी असावी, म्हणजे भुजा खडखडणार नाही. दुसरी जाड पिन भुजेतून व बंपरवरील कानातून आरपार जावी आणि साखळीने गाडीला बांधलेली असावी. एक कडी सुटली तरी दुसरीने चाक धरले पाहिजे.

उघडी चौकट स्थिर ठेवण्याचीही सोय हवी. गाडी उतारावर उभी असताना चौकट आपोआप मिटते व फाळक्याशी उभ्या असलेल्या माणसाचा हात त्यात सापडतो. चौकट काटकोनापेक्षा थोडी अधिक उघडल्यावर पिन पडून ती अडकेल असे भोक नळीजवळ ठेवावे. मुलांना या चौकटीशी खेळू देऊ नये.

गाडीवर बसविताना

वेल्डिंगचे सर्व काम बंपर गाडीपासून दूर ठेवून करावे. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी उडणे जिवावर बेतू शकते. बंपर चासीला वेल्ड न करता बोल्टनेच जोडावा. चासीच्या उभ्या भागातील मूळ भोके वापरावीत. नवे भोक पाडावेच लागले तर ते उभ्या भागाच्या मध्याजवळ घ्यावे. वरच्या किंवा खालच्या कडेस भोक पाडल्यास चासी दुबळी होते.

ट्रेलर ओढण्याचा मूळ आकडा काढून नव्या बंपरला जोडू नये. वर दिलेली मापे स्टेपनीसाठी आहेत, ट्रेलरच्या ओढीसाठी नव्हेत. तसेच बंपर चासीच्या खाली लोंबू नये, अन्यथा बांध ओलांडताना तो जमिनीला टेकेल.

बंपर, चौकट व चाक मिळून सुमारे ५८ किलो वजन मागच्या आसाच्याही मागे जाते. ते आसामागे ७५ सें.मी.वर आहे असे धरल्यास, २०३ सें.मी. अंतराच्या आसांच्या जीपमध्ये पुढच्या चाकांवरील भार सुमारे २१ किलोने कमी होतो आणि मागच्या आसावर ७९ किलो भार वाढतो. घाटातील चढावर सुकाणू हलके लागू लागते. म्हणून मालाची भरती तेवढ्या बेताने कमी करावी व जड माल पुढच्या बाजूस रचावा.

परवानगी व तपासणी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. गाड्यांना बाहेरून बसविलेल्या संरक्षक दांड्यांविरुद्ध कारवाई करण्याबाबत केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी आकृती घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे व लेखी अभिप्राय घ्यावा. विमा कंपनीलाही कळवावे. परवानगी मिळाली तरी मागचे दिवे व क्रमांकाची पाटी चाकाआड झाकली जाता कामा नये. परवानगी न मिळाल्यास स्टेपनीच्या मूळ जागेवरच समाधान मानावे.

काम झाल्यावर तांबडा प्राइमर व रंग द्यावा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. पुढे दर महिन्यास बुशांना ग्रीस द्यावे, टेकूचे रबर पाहावे आणि वेल्डिंगच्या सांध्यांजवळ रंगाला बारीक भेग पडली आहे काय हे तपासावे. रंगाची भेग ही पुष्कळदा लोखंडाच्या भेगेची पहिली सूचना असते. भेग दिसताच स्टेपनी उतरवून गाडीत ठेवावी व दुरुस्ती होईपर्यंत चौकट वापरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना एक सोपी परीक्षा शेतकऱ्यांस दाखविता येईल. चौकट बंद करून दोन्ही कड्या लावाव्यात आणि स्टेपनी दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावी. चाकाबरोबर सारी गाडी हलली तर काम पक्के आहे. चाक हलले आणि गाडी स्थिर राहिली, तर टेकू, कडी किंवा बुश यांपैकी काहीतरी सैल आहे. ते दुरुस्त केल्याखेरीज गाडी बाजाराच्या वाटेला लावू नये.