गाडी त्यांची, धूर आपल्या छातीत

"ताई, आपल्या दारात गाडी नाही. मग गाडीच्या धुराची चर्चा आपण कशाला करायची?" वस्तीतल्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ आहे. गाडीवाला काच वर करून निघून जातो. रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई, स्टँडबाहेरचा हमाल, महामार्गाला लागून असलेल्या वस्तीतली लेकरं मात्र तो धूर दिवसभर घेतात. त्यामुळे कोणती गाडी किती धूर सोडते, हा आपल्या घरातलाच विषय आहे.

धुरात काय असतं?

डोळ्यांना दिसतो तो काळा धूर, पण जास्त घात न दिसणारा भाग करतो. डिझेलच्या धुरातले अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात आणि तिथून रक्तातही उतरतात. नायट्रोजनचे वायू दमा वाढवतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकला. लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि दम्याचे रुग्ण यांना त्याचा त्रास आधी होतो.

तीस वर्षांत काय बदललं?

पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. नंतर 'भारत स्टेज' म्हणजे बीएस नावाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. डिझेल कारने एका किलोमीटरला किती कण सोडावेत, याची मर्यादा बीएस-३ मध्ये ५० मिलिग्रॅम होती, बीएस-४ मध्ये २५ झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये फक्त ४.५ राहिली. बीएस-५ हा टप्पा सरकारने गाळलाच. इंधनातलं गंधकही ५० भागांवरून १० भागांवर आलं, तेही दहा लाख भागांमागे.

नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी त्याची चाचणी ठरावीक संस्थांकडून व्हावी लागते. त्यातली एक आपल्या जिल्ह्यातच आहे, संरक्षण खात्याची व्हीआरडीई. नगरकरांना हे नाव नवीन नाही.

मग हवा साफ का झाली नाही? कारण नियम नवीन गाडीला लागतो. रस्त्यावर जुने टेम्पो, ट्रक, जीप अजून धावतात. गाड्यांची संख्याही वाढली. आणि देखभाल न केलेली गाडी कागदावर कितीही चांगली असली, तरी धूर ओकतेच.

लोक हायब्रिड का घेतात?

हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि सोबत बॅटरीवर चालणारी मोटर. ब्रेक लावला की वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते. ती बाहेरून चार्ज करावी लागत नाही. चार्जिंगची सोय नसलेल्या गावाला जायचं असलं तरी चिंता नाही. घेणारे मुख्यतः ॲव्हरेज पाहून घेतात. मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये आली, तेव्हा तिच्या स्ट्राँग हायब्रिडचं चाचणीतलं ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर सांगितलं गेलं. त्याच गाडीच्या साध्या गिअरच्या 'स्मार्ट हायब्रिड'चं २१.११ होतं. दोन्हींना हायब्रिडच म्हणतात, पण दुसरी निव्वळ बॅटरीवर चालत नाही. आपली मुलं टॅक्सीसाठी गाडी घेणार असतील, तर हा फरक विचारून घ्यावा. स्ट्राँग हायब्रिडची किंमतही बरीच जास्त असते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. स्ट्राँग हायब्रिडचं इंजिन सिग्नलला आणि गर्दीत बराच वेळ बंद राहतं. माळीवाड्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी पायी चालणारी, हातगाडीवाली माणसं नेमकी तिथेच उभी असतात. मात्र हायवेवर हा फायदा कमी होतो, आणि टायर-ब्रेकची धूळ तर कुठल्याच गाडीची थांबत नाही.

आपल्यासाठी खरा बदल बसमध्ये

शंभर माणसांनी शंभर हायब्रिड घेण्यापेक्षा ती दोन-तीन चांगल्या बसमध्ये बसली, तर धूर कितीतरी कमी होतो. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही एसटीची पहिली विजेवरची बस सुरू झाली. तिला धुराची नळीच नाही. अशा बस तालुक्याच्या गावांना, आपल्या वस्तीजवळच्या थांब्यापर्यंत याव्यात, ही मागणी आपण ग्रामसभेत आणि आगारात लावून धरली पाहिजे.

आज आपण काय करू शकतो?

• घरात मोटारसायकल, रिक्षा, टेम्पो असेल तर पीयूसी वेळेवर काढा. पीयूसी नसेल तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एअर फिल्टर आणि ऑइल वेळेवर बदला.

• बोळात किंवा बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडतो.

• मुलांना शाळेत नेताना मोठ्या रस्त्याऐवजी आतली गल्ली धरा. रुमालाने धूळ अडते, सूक्ष्म कण अडत नाहीत. रोज रस्त्यावर काम असेल तर एन-९५ मास्क बरा.

• दम्याचा पंप डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे.

• प्रत्येक खोकला धुराचा नसतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.

गाडी कोणती घ्यायची, हे ज्याच्याकडे पैसे आहेत तो ठरवेल. स्वच्छ हवा मात्र पैसे पाहून मिळायची गोष्ट नाही. ती मागायचा हक्क पायी चालणाऱ्यालाही आहे.