अमेरिकेला मिक्सर नेताय? आधी त्याच्या बुडाखालचं लेबल वाचा!

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईच्या बॅगेत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि बऱ्याचदा मिक्सरही असतो. सोबत एक ॲडॉप्टर. ‘हा लावला की जगात कुठेही चालतं’ असं दुकानदाराने सांगितलेलं असतं. मंडळी, हे अर्धंच खरं आहे.

ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, वीज बदलत नाही. आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज येते. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. त्यामुळे आपला मिक्सर तिथे रडतखडत फिरतो आणि इडलीचं पीठ वाटताना अडून बसतो. पाण्याच्या किटलीची गत आणखी वाईट. व्होल्टेज निम्म्यावर आलं की तापवायची ताकद निम्मी नाही, साधारण पावपट होते. २००० वॅटची किटली तिथे जेमतेम ५५० वॅटची उरते. चहाला बसा वाट बघत!

खरा धोका परतताना. तिथून हौसेने आणलेला, फक्त १२० व्होल्टचा हेअर ड्रायर आपल्या सॉकेटला लावला, तर तो साडेतीनपटीहून जास्त वीज खेचतो. १००० वॅटचं यंत्र ३६०० वॅटच्या वर जातं. मग जळका वास, धूर, आणि नशीब वाईट असेल तर आग.

मग फोन कसा चार्ज होतो? चार्जरवर बारीक अक्षरांत १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. लॅपटॉप आणि कॅमेऱ्याच्या चार्जरवरही बहुधा तेच. अशा वस्तूंना ॲडॉप्टर पुरतो. लेबलवर नुसतं २३० किंवा २२०-२४० असेल तर ती वस्तू घरीच ठेवा. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ७५० वॅटच्या मिक्सरला त्याहून बराच मोठा लागतो, आणि तो लोखंडी ठोकळा उचलून नेण्यापेक्षा तिथल्या भारतीय दुकानातून ११० व्होल्टचा मिक्सर घेतलेला परवडतो.

लॅपटॉपला तीन पिनांचाच ॲडॉप्टर घ्या. दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये अर्थिंग तुटतं, आणि धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात त्या त्यामुळेच.

लंडन, दुबई, सिंगापूरला मात्र मिक्सर खुशाल न्या. तिथलं व्होल्टेज जवळपास आपल्याइतकंच आहे. फरक पिनांचा: आपल्या गोल पिना मूळच्या ब्रिटिशांच्याच, पण त्यांनी १९४७ मध्ये फ्यूजवाल्या चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं आणि आपण जुनंच चालू ठेवलं. तिथे साधा ॲडॉप्टर पुरे.