पोत्यामागे पैसे, पण उमेद कशामागे?

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात ट्रक लागला की हमालाचा आकडा पोत्यात रुततो, पाठ वाकते आणि पोतं गाळ्याकडे निघतं. जितकी पोती, तितकी हमाली. व्हिक्टर व्रूम यांचा 1964 चा अपेक्षा सिद्धांत इथे चपखल बसतो. कष्टाने काम होईल, कामाचा मोबदला मिळेल आणि तो हवासा असेल, या तिन्हींची खात्री पटली की माणूस जोर लावतो. व्रूम यांच्या सूत्रात बेरीज नाही, गुणाकार आहे; एक गोष्ट शून्य झाली की प्रेरणाही शून्य.

पण अंगात ताप असेल त्या दिवशी काय? पोतं नाही, म्हणजे हमालीही नाही; इथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये दाखवलं, की पगार आणि सुरक्षितता नसली तर माणूस नाराज होतो; मात्र ती मिळाली म्हणून उमेद येतेच असं नाही. उमेद येते मान, जबाबदारी आणि कर्तृत्वातून.

पहिली, पगार आणि सुरक्षिततेची बाजू 1969 च्या माथाडी कायद्याने सांभाळली. मालक मजुरी आणि त्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार मिळतो. दुसरी, मान आणि जबाबदारीची बाजू दिसते डॉ. बाबा आढावांनी उभारलेल्या हमालांच्या संघटनेत, हमाल पंचायतीत. 1974 पासून पंचायत ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचं केंद्र चालवते. ओझं वाहणाऱ्यांची संघटना इथे कारभारी झाली.

दिवाळीला मिठाईचा पुडा देऊन कामगारांकडून वर्षभराच्या उत्साहाची अपेक्षा धरणाऱ्या मालकांनी हा हिशेब जरूर मांडावा.